आइसलंडशी आमचा करार

परदेशी युनिव्हर्सिटीशी करार म्हटलं की लोकांना कागद, सह्या आणि पुष्पगुच्छ आठवतात. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवत होतो, तेव्हा आमचा आइसलंडशी असा करार झाला. कागद कपाटात गेले. किस्से मात्र साठतच गेले. चहाला बसलो की एकेक निघतो!

*

बदलापूरचा काळा दगड आणि आइसलंडचा काळा दगड, दोन्ही लाव्हारसाचे. तेवढ्या ओळखीवर मी विठ्ठलवाडीच्या सायबर कॅफेतून सकाळी आठला आइसलंडच्या गुन्नार नावाच्या प्रोफेसरना ईमेल टाकला. उठायच्या आत उत्तर हजर! त्यांच्याकडे तेव्हा रात्रीचे अडीच.

मी लिहिलं, "सर, अजून जागे?"

"जून आहे. आमच्याकडे अजून अंधारच पडलेला नाही!"

*

पुढच्या वर्षी गुन्नार स्वतः आले. आमचे हेडक्लार्क गायकवाड त्यांचा फॉर्म भरत होते. आडनावाचा रकाना आला. मी विचारलं, तर गुन्नार म्हणाले, "आमच्याकडे बहुतेकांना आडनावच नसतं. स्वतःचं नाव आणि वडिलांचं, बस."

गायकवाडांनी पेन खाली ठेवलं. "सर, नीट विचारा. आडनाव कोणी विचारतच नाही?"

"नाही म्हणतात."

गायकवाडांनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाले, "काहीही करा, पण यांच्याशी करार व्हायलाच पाहिजे!"

*

धाकधूक होती ती लॅबची. प्रिन्सिपल लालवानी मॅडम म्हणाल्या, "छुपाना कुछ नहीं. जे आहे ते दाखवा."

गुन्नारनी विचारलं, "मायक्रोस्कोप किती?"

मॅडम म्हणाल्या, "एक. आणि बघणारी मुलं चाळीस."

मुलं रांगेत उभीच होती. गुन्नार जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. पाऊण तासाने त्यांचा नंबर लागला. बघून झालं, वळले आणि म्हणाले, "सही कुठे करू?"

*

दुसऱ्या दिवशी आम्ही खरवईच्या पुढे एका खाणीवर गेलो. तिथे देशावरून आलेल्या सखुबाई दगड फोडत होत्या. उभा जन्म त्यातच गेलेला. गुन्नारनी एका धोंड्यावर हातोडी उगारली, तशा त्या ओरडल्या, "थांबा! ह्यो आतनं चिरलाय, डोळ्यात तुकडं उडतील!"

त्यांनी शेजारचा धोंडा दोनदा ठोकून ऐकला आणि एकच घाव घातला. भाकरी मोडावी तसे सरळ दोन तुकडे झाले!

गुन्नार खालीच बसले. "हे कळायला मला मशीन लागतं," म्हणाले.

मग त्यांनी पिशवीतून मुठीएवढा काळा दगड काढून बाईंच्या हातावर ठेवला. ते शाळेत असताना त्यांच्या गावाशेजारचा डोंगर फुटला होता, त्याच्या लाव्हारसाचा. मी म्हटलं, "मावशी, हा तुमच्यापेक्षा लहान आहे."

"दगड? माझ्यापरीस ल्हान?"

"हो."

बाईंनी हातोडी बाजूला ठेवली. दगड दोन्ही हातांत धरला, पदराखाली घेतला आणि गुन्नारकडे रागाने बघत म्हणाल्या, "आन् एवढ्या उन्हात कशाला आणलासा ह्याला?"