कांजिण्यांचा फॉल-इन

नव्वदच्या दशकात फौजेत माझी पोस्टिंग गुडगावच्या कडेला होती. छावणीच्या कुंपणापलीकडे नव्या सोसायट्यांचे पाये खणले जात होते. मी नर्सिंग असिस्टंट, हवालदार. मार्चमध्ये फॅमिली क्वार्टर्समधल्या पोरांना कांजिण्या आल्या. रिकाम्या बराकीत आयसोलेशन वॉर्ड केला. ड्यूटीला जवान हवे होते, पण आधी कांजिण्या होऊन गेलेलेच. त्यांना सहसा पुन्हा होत नाहीत.

सकाळी 0600 ला फॉल-इन, सगळे रांगेत.

"लहानपणी कांजिण्या झालेले, एक कदम आगे!"

पहिले पुढे आले सुभेदार शेलारसाहेब. वय बेचाळीस, डोंगरातल्या नऊ घरांच्या वाडीतले. त्यांच्यामागोमाग अख्खी प्लाटून पुढे. सुभेदार पुढे असताना मागे राहील कोण? मला ते बघून भारी वाटलं. गाढव होतो मी.

"साहेब, नक्की झाल्या होत्या ना?"

"अरे, पोरांचा आजार तो! मला काय धाड भरणार?"

पंधराव्या दिवशी साहेबांच्या अंगावर फोड आले, अठराव्या दिवशी धाप लागली. तोवर पहिली पोरं बरी होऊन क्रिकेट खेळत होती. पोरांना खाज सुटते. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसात उतरू शकतो हा आजार.

हॉस्पिटलच्या वाटेवर जिप्सी गाडीत त्यांनी माझं मनगट धरलं.

"आमच्या वाडीत हे कधी आलंच नाही रे. पण जवानांसमोर मागं कसा राहू? बाकीच्यांना बघ."

परत आलो. एकेकाला पडद्याआड घेऊन विचारलं. सहा जणांनी कबूल केलं, झाल्या नव्हत्या. त्यांना वॉर्डातून, जेवणाच्या लंगरातून काढून वेगळ्या तंबूत ठेवलं.

कंपनीचे मेजरसाहेब भडकले. "कुणाच्या ऑर्डरनं?"

"सुभेदारसाहेबांच्या, सर. चार्जशीट द्या. सहा जण तंबूतच राहतील."

सहाही जण राहिले. दोघांना फोड आले, पहिल्याच दिवशी औषध मिळालं, दोघे वाचले. आजार तिथंच थांबला.

सुभेदारसाहेब मात्र हॉस्पिटलात तिसऱ्याच दिवशी गेले. मी ढसाढसा रडलो.

वॉर्डच्या रजिस्टरात माझ्याच अक्षरात होतं, 'सुभेदार शेलार, कांजिण्या: झाल्या.' क्लार्क म्हणाला, "राहू दे यार, साहेबांची इज्जत जाईल." मी नाही राहू दिलं. लाल शाईनं खोडून लिहिलं, 'झाल्या नव्हत्या', आणि खाली सही केली.

आजही आमच्या सोसायटीत कुणी "बच्चों की बीमारी है" म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी तिथल्या तिथं सुभेदार शेलारांचं नाव घेतो. वयासकट.