पहिल्या चौकोनातल्या बायका

थोरली आई फोनवर खेकसायला लागली की शेजाऱ्यांना वाटायचं, नवऱ्याशी भांडतेय. नवरा तर कधीचाच देवाघरी गेलेला. समोर असायचा नुसता फोन, आणि फोनवर एक प्रश्न: तुमचा वंश कोणता?

"तुला काय करायचंय रे मेल्या? साबण विकायला आलास ना? मग साबणाचं विचार! माझी जात कशाला काढतोयस?"

तिचं नाव हेल्मीरा. माझ्या आईची मोठी बहीण. आम्हा मार्शल बेटांवरच्या, मार्शली लोकांत मावशी हा प्रकारच नसतो, आईच्या बहिणी सगळ्या आयाच. म्हणून ती थोरली आई, आणि मला जन्म दिलेली लिटोक्वा ती नुसती आई. दोघी पॅसिफिकमधली बेटं सोडून इथे अमेरिकेत, स्प्रिंगडेलला आल्या आणि सगळे जातात तशा कोंबड्यांच्या कारखान्यात लागल्या. पट्ट्यावरून कोंबडी सरकत यायची, थोरली आई सुरीने पंख उतरवायची, आणि तोंडाचा पट्टा वेगळाच चालू असायचा. मुकादमाने वेग वाढवला की ती सुरी त्याच्यापुढे धरून आमच्याच भाषेत सुनवायची. "ये बाबा, तूच काप. मी तिकडे उभी राहून तुझ्यासारखी शिट्टी वाजवते." सगळी लाइन हसायची आणि मुकादम वेग कमी करायचा.

शेवटी तिचं मनगट गेलं. सकाळी बोटं उघडेनात, चमचा धरवेना. कारखान्याने हात जोडले. घरी बसून खायचं हे तिच्या स्वभावात नव्हतं, म्हणून कुणीतरी तिला फोनवरचे सर्व्हे दाखवले. बसल्या जागी मतं द्यायची, बदल्यात किराणा दुकानाचं पैसे भरलेलं कार्ड मिळतं. आमच्या घरात खाणारी तोंडं पुष्कळ, त्यामुळे तांदळाची एक गोणी तिच्या मतांवर यायला लागली तर कुणाला नको होती?

पण मत द्यायच्या आधीच चौकशी. वय काय, राहता कुठे, आणि वंश. गोऱ्यांचा चौकोन सगळ्यात वर. आमचा पार तळाला, हवाईवाले आणि पॅसिफिकमधले "इतर" यांच्यासोबत एकाच खुराड्यात कोंबलेला. थोरली आई प्रामाणिकपणे खाली जाऊन त्यावर बोट ठेवायची, आणि लगेच उत्तर यायचं: धन्यवाद, तुमच्या गटातल्या जागा भरल्या आहेत.

"भरल्या? कुणी भरल्या? आपल्या चर्चमधली एक तरी बाई दाखवा मला, जिला आत घेतलंय!"

हे कोडं उलगडून सांगितलं एमलेनने. एमलेन आमच्याच चर्चमधली, दवाखान्यात दुभाषी होती. एका रविवारी आमच्याकडे जेवायला आली असताना तिने समजावलं. "अगं हेल्मीराआई, त्यांना साऱ्या देशाचा नमुना लागतो. गोरे जितके त्या प्रमाणात गोरे, काळे जितके त्या प्रमाणात काळे. कोण कुठला साबण घेतं तेही त्यांना वंशावार हवं असतं. आपण आहोत किती? चिमूटभर. कुठल्यातरी बेटावरच्या दोघांनी भरलं, की आपलं दार बंद."

"मग त्या दोघांनाच विचारा की! मी कोण ते आधी काढून घ्यायचं आणि मग हाकलायचं? भरल्या ताटावरून उठवायची ही कुठली रीत?"

"तुझ्यावर राग नाहीये त्यांचा. त्यांच्यासाठी तू एक आकडा आहेस, बस."

एमलेन हे सहज बोलून गेली, पण आमच्या घरात तो शब्द सहज बोलायचा नसतो. माझी आजी रोंगेलापची. अमेरिकेने चाचणीसाठी फोडलेल्या अणुबॉम्बची राख त्या बेटावर पडली तेव्हा ती लहान मुलगी होती. नंतर वर्षानुवर्षं जहाजातून अमेरिकी डॉक्टर यायचे, तिच्या हातात आकड्याची पाटी देऊन फोटो काढायचे, रक्त न्यायचे, किती मुलं झाली, किती गेली, सगळं विचारून लिहून घ्यायचे. त्या रक्तात काय निघालं, हे तिला मरेपर्यंत कुणी सांगितलं नाही. थोरली आई हे बघत वाढलेली. कुणी काही विचारून लिहून घ्यायला लागलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि मी म्हणते, का जाऊ नये?

एक दिवस तिने चिडून वरच्या पहिल्याच चौकोनावर बोट दाबलं. गोरी. सर्व्हे उघडला, अगदी शेवटपर्यंत चालला, कार्डही मिळालं.

"लिटोक्वा! अगं बाहेर ये! मी गोरी झाले!"

आई स्वयंपाकघरातून डोकावली. "मग आज तुझा भात टाकू की नको? तू पाव खाशील ना?"

"भात टाक. पोट अजून गोरं नाही झालं."

तिला असं काही सापडलं की ते स्वतःपाशी ठेवणं जमायचं नाही. गाण्याचा सराव संपला की चर्चच्या बाकांवर तिची शाळा भरायला लागली. वंश, पहिला चौकोन. घरात बोलायची भाषा, इंग्रजी. आणि पुढची उत्तरं याच्याशी जुळती द्यायची, नाहीतर फोनला संशय येतो आणि मधूनच बाहेर काढतो. पायघोळ फुलाफुलांचे झगे घातलेल्या, केसांत फूल माळलेल्या आमच्या बायका पटापट गोऱ्या व्हायला लागल्या. दुकानात भेटल्या की, "काय गं गोरे, उन्हात नको फिरूस, करपशील!" इतका हशा आमच्यात पुष्कळ दिवसांत झाला नव्हता.

इकडे माझ्या आईची मूत्रपिंडं साखरेने खाल्ली होती. रक्त धुवायला तिला दिवसाआड दवाखान्यात यंत्राला जोडायचे. आईला इंग्रजी येत नव्हतं, थोरलीला फोनवरचे चौकोन वाचण्यापुरतं यायचं, बोलण्यापुरतं नाही. मला येतं, पण माझी कारखान्यात दिवसपाळी. गाडीतून न्यायचा तो माझा मामा, दोघींचा धाकटा भाऊ. त्याला इंग्रजी चांगलं येतं. पण आमच्यात बहीण भावासमोर अंगाविषयी चकार शब्द काढत नाही. साधं पोट बिघडलंय हेही नाही. मग बाईचं, कमरेखालचं दुखणं तर लांबच. म्हणून मामा बाहेर गाडीत बसायचा आणि आत आईच्या उशाशी एमलेन बसायची. आई तिला सगळं सांगायची, एमलेन ते नर्सला सांगायची. बहिणीला किंवा मला सांगणार नाही ते आई एमलेनला सांगायची. म्हणायची, "ती ऐकून नुसती चुकचुकत नाही, त्यावर काहीतरी करते."

अशात दवाखान्याचाच एक सर्व्हे आला. त्याच फोनवर, त्याच रांगेत, साबण आणि चिप्सच्या मधोमध. कार्ड मात्र मोठं होतं. बायका बाकांवर दाटीवाटीने बसल्या आणि थोरली आई मधे उभी राहून ओरडत होती. पहिला चौकोन! भाषा, इंग्रजी! दवाखान्यात दुभाषी लागतो का? नाही! एका म्हातारीने म्हणे विचारलंही, "अगं, पण मला लागते की एमलेन." त्यावर थोरली आई म्हणाली, "इंग्रजी लिहिलंस ना वर? मग दुभाषी कशाला लागेल तुला? उत्तरं जुळव!"

पुढे एक दिवस एमलेन दारात आली ती पांढरीफटक पडून.

"हेल्मीराआई, तो दवाखान्याचा सर्व्हे तुम्ही कुठल्या चौकोनातून भरलात?"

"कुठल्या म्हणजे? नेहमीच्या. पहिल्या."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. का?"

एमलेन पायरीवरच बसली. दवाखान्याच्या साहेबांनी तिला कागद दाखवला होता. या भागातून उत्तरं भरपूर आली, पण मार्शली लोकांची जवळजवळ नाहीत. दुभाष्याची गरज आढळत नाही. तिची नोकरी बंद.

थोरल्या आईने हातातला फोन पालथा ठेवला. मग तिने चपला घातल्या. मला म्हणाली, "चल, तुला बोलायचंय माझ्या वतीने. आणि लिटोक्वाला काही सांगायचं नाही. मी एमलेनला परत आणते."

दवाखान्याच्या ऑफिसातली बाई गोड होती. गोड माणसांचा मला त्या दिवसापासून तिटकारा आलाय. थोरली आई टेबलावर हात आपटून म्हणाली, "त्या तुमच्या गोऱ्या बायका म्हणजे आम्ही! मी गोरी, आमची पाद्रीण गोरी, कारखान्यातली अर्धी लाइन गोरी! बघ माझ्याकडे!" मी जसंच्या तसं सांगितलं. बाईने बघितलं आणि हसली. तुमचं म्हणणं आम्ही समजू शकतो, पण सर्व्हे बंद झाला, पुढच्या वर्षी पुन्हा करू. तोवर फोनवरून दुभाषी मिळेल.

"आम्ही आमचा चौकोन दाबला तर तुम्ही हाकलता," थोरली आई म्हणाली, "आणि पहिला दाबला तर आम्ही नाहीच म्हणता. मग दाबायचं तरी काय?"

बाईने टेबलाचा खण उघडला. तिने आम्हाला एक गुळगुळीत माहितीपत्रक दिलं.

आणि तो फोनवरचा दुभाषी! आईच्या कानाला फोन लावला तर पलीकडे भलत्याच बेटांवरची, सामोआची बाई. तिची भाषा आईला कळेना, आईची तिला. नर्स म्हणाली, आमच्याकडे पॅसिफिक म्हणून एवढंच येतं. त्या शेवटच्या चौकोनात आम्हाला एकत्र कोंबलंय ना, तसंच. आई त्या अनोळखी बाईला "हो, हो" म्हणत राहिली, कारण नाही म्हणणं तिला उद्धटपणाचं वाटायचं.

थोरल्या आईने तिला सांगितलं होतं, एमलेन रजेवर गेलीय, येईल. आणि स्वतः रोज दवाखान्यात जाऊन आरडाओरडा करत होती. रखवालदार तिला ओळखायला लागला होता. तिला खरंच वाटत होतं की ओरडून होईल. कारखान्यात व्हायचं की.

आई मात्र वाट बघत राहिली. तिला खालून रक्त जायला लागलं होतं. काळं, रोज थोडं थोडं. यंत्रावर रक्त पातळ करायचं औषध देतात, त्याने असं होऊ शकतं, वेळीच सांगितलं तर औषध बदलतात. हे सगळं मला नंतर कळलं. तिने ते नर्सला सांगायचं कसं? मामासमोर तर मेली तरी बोलली नसती. आणि बोललीच नाही. एका रविवारी चर्चला जाताना ती दारातच कोसळली, तेव्हा झगा भिजलेला बघून थोरल्या आईने किंकाळी फोडली.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरने मामाला विचारलं, "किती दिवस चाललंय हे? कुणाला सांगितलं कसं नाही?" मामा टोपी हातात चुरगाळत उभा राहिला. काय सांगणार बिचारा? आई शुद्धीवर होती. थोरलीचा हात धरून ती हळूच म्हणाली, "एमलेन आली की सांगणार होते गं. कधी येतेय ती?"

"येतेय," थोरली आई म्हणाली. "वाटेतच आहे."

सकाळपर्यंत आई राहिली नाही.

माझा राग कुणावर काढू ते सांगा. थोरलीवर काढावा, तर घरात तांदूळ यावा म्हणूनच तिने ते बोट वर सरकवलं. एमलेनवर काढावा, तर ती स्वतःच बेकार झालेली. म्हणून मी तो त्या चौकोनांवर काढते, आणि ते आखणाऱ्यांवर. काही दिवस मी नुसती दारं आपटत होते.

दफनाची कागदपत्रं करायला आम्ही तिघं गेलो. मामा, मी, थोरली आई. संगणकामागे बसलेल्या माणसाने नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगत गेले. मग न बघताच तो म्हणाला, "वंश?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी थोरल्या आईकडे. मला वाटलं, आता टेबल उलटं होणार.

ती ओरडली नाही. खुर्ची पुढे ओढून नीट बसली आणि आमच्या भाषेत सांगायला लागली. लिटोक्वा, रोंगेलापच्या आईची मुलगी. मग आजीचं नाव, आजीच्या आईचं, आमचं कूळ, ज्या जमिनीवर ते कूळ राहायचं त्या जमिनीचं नाव. तो माणूस थांबला, मला म्हणाला, "यातलं मी काय लिहू?"

"मार्शली," मी म्हणाले.

त्याने टाइप केलं. थोरली आई पुढे वाकून पडद्याकडे टक लावून बसली. तिला सवयच होती, चौकोन दाबला की काय येतं ते बघायची. पडद्यावर काहीच आलं नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला, पत्ता काय.

"विचार त्याला," थोरली आई मला म्हणाली, "घेतलं का म्हणावं आत?"

"घेतलं, आई."

"जागा भरल्या नाहीत म्हणतो?"

 मी मान डोलावली.

"नाहीच भरणार," ती म्हणाली, "मेलेल्यांच्या यादीतून आम्हाला कधीच कुणी परत पाठवलं नाही." आणि त्या न उघडणाऱ्या बोटांत पेन धरून तिने सही केली.