नवरीच्या दगडावरच्या खुणा

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत ज्याला म्हणून मिसरूड फुटलं, तो नवरीच्या दगडावर जाऊन आलेला असायचा. वर गेल्याची खूण म्हणून प्रत्येकाने माथ्यावर काहीतरी कोरलेलं असायचं. माझ्या थोरल्या भावाने बैल कोरला होता, आमच्या वडिलांनी, आबांनी, त्यांच्या तरुणपणी त्रिशूळ. पारावर बसून गडी माणसं या खुणांबद्दल इतक्या तपशिलाने सांगत, की न पाहताही मला तो माथा तोंडपाठ झाला होता.

दगड गावाच्या अलीकडे कोसभर. उघड्या माळावर काळाकभिन्न, जात्याच्या तळ्या एकावर एक रचून ठेवाव्यात तसा. सासरी निघालेल्या एका नवरीने मागे वळून माहेराकडे पाहिलं आणि ती तिथेच दगड झाली, अशी गोष्ट सांगत. म्हणून आमच्याकडे लेक सासरी निघाली की दगड मागे पडेपर्यंत गाडीचा पडदा सोडून ठेवायचे. चौदाव्या वर्षी मीही त्या पडद्याआड रडत रडत आष्टीला गेले. आई दुरावली म्हणून रडत होते हे खरं, पण रोज शेतातून पाहिलेल्या त्या दगडावर आपल्याला एकदाही चढू दिलं नाही, याचा रागही त्या रडण्यात होता. बायांनी वर जाऊ नये असं कुणी ठरवलेलं नव्हतं. कुणी गेली नव्हती, एवढंच.

तिसऱ्या वर्षी दिवाळीला भाऊ मुराळी म्हणून मला न्यायला आला. परतूरहून जालन्यापर्यंत रेल्वे होती. पण आबांनी नवी बैलजोडी घेतली होती आणि ती सगळ्या मुलखाला दाखवल्याशिवाय भावाला चैन पडणार नव्हतं. त्यामुळे छपराची हलकी दमणी गाडी आणि चार दिवसांचा रस्ता. निघताना सासूबाईंनी ओटी भरली. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. पदराला गाठ मारून म्हणाल्या, "ही गाठ आता तुझ्या आईच्या हातानंच सुटली पाहिजे. मधी कुठं उतरून ठिवू नको." मग जरा थांबून, "पुढल्या सालाला कडंवर लेकरू असंल तुझ्या. यंदा काय हिंडायचं ते हिंडून घे."

त्या सहज बोलल्या, माझ्या डोक्यात मात्र ते पक्कं बसलं. कडेवर लेकरू आलं की दगड संपला. म्हणजे चढायचं ते याच खेपेला, आणि तेही घरी पोचायच्या आत. एकदा उंबरा ओलांडला की आई फराळाच्या कामाला लावणार आणि आबा 'बिलकुल न्हाई' म्हणणार.

त्या चार दिवसांइतकी खूश मी फार थोड्या वेळा झाले असेन. दोन्ही बाजूंना कणसांनी भरलेली ज्वारी, पुढे घुंगरांचा आवाज, आणि मी गाडीचा पडदा वर करून बसलेली. जालन्यात आमचा कापूस ज्या मारवाडी शेटजींकडे जायचा, त्यांच्याकडे उतरलो. शेटाणीबाईंनी गरम पुऱ्या आणि वाळवलेल्या शेंगांची आंबट भाजी वाढली. तिथून निघाल्यावर मी भावाला मनातलं सांगितलं.

"येडी झाली का?" तो म्हणाला.

"मला तुझा बैल बघायचाय."

यावर त्याने उगाच बैलांना हाकारलं. मला वाटलं, बहिणीचं कौतुक वाटलं असेल. राजूरला गणपतीपुढे तो डोळे मिटून इतका वेळ उभा राहिला, की मागच्या माणसाला खाकरावं लागलं. बैलांसाठी मागणं मागत असेल, असं मी धरून चालले.

चौथ्या दिवशी दुपार कलताना दगडाशी पोचलो. भावाने बैल बाभळीखाली सोडले आणि दगडाला दोन प्रदक्षिणा घातल्या.

"वाट कुठनं हाय?" मी विचारलं.

"हाय इथंच कुठंतरी. तवा एवढी झुडपं नव्हती." मग बैलांकडे पाहत म्हणाला, "नवी जोडी हाय, सोडून कसं यावं? तुला जायचं तर जा. जल्दी ये मातर."

मी तयारच होते, पण पदरात ओटी. ती पोटाशी असताना दगडाला बिलगता येईना. "दे माझ्याकडं," भाऊ म्हणाला. गड्याच्या हातात ओटी देतात का कुठं? आणि गाडीत ठेवली असती तर सासूबाईंचा शब्द मोडला असता. शेवटी पदर खांद्यावरून मागे घेतला, ओटी तान्ह्या लेकरासारखी पाठीशी बांधली, कासोटा आवळला आणि वहाणा काढल्या.

पहिले तीन टप्पे सोपे होते. पुढे मात्र खांद्याएवढी रुंद खाच लागली. एका बाजूला पाठ, दुसऱ्या बाजूला पाय, असं सरकत वर जायचं. त्या खाचेत सासूबाईंच्या तांदळाने माझी पाठ सोलण्यापासून वाचवली, हे मी त्यांना पुढे आयुष्यभर सांगत राहिले. अर्ध्यात दम घ्यायला थांबले. खाली पाहिलं तर भावाचं नुसतं पागोटं दिसत होतं.

"उतर आता. पुरे झालं," तो ओरडला.

'पुरे झालं' हे मला कुणी सांगितलेलं कधीच सोसलेलं नाही. मी चिडले, आणि चिडण्याच्या भरात वर पोचले.

माथा लहानशा खळ्याएवढा. वारा असा, की डोक्यावर काही राहीना. समोर आमचं गाव, रेणुकामातेचा कळस, आमची विहीर. मी ज्या वाटेने सासरी गेले होते ती वाट पहिल्यांदाच अशी वरून, सलग पाहिली. मग वळून माहेराकडे पाहिलं, पुन्हा पुन्हा, पोटभर पाहिलं. काही झालं नाही. मला इतका आनंद झाला की मी एकटीच मोठ्याने हसले.

मग भावाचा बैल शोधायला लागले. बैल नव्हता. त्रिशूळही नव्हतं. गावातल्या वीस-पंचवीस शूरवीरांपैकी एकाचीही खूण तिथे नव्हती. वाळलं गवत होतं आणि घारींची घाण होती.

"बैल दिसला का?" खालून आवाज आला. आवाज अगदी बारीक झाला होता. कपाळावर हात धरून तो वर बघत होता. लहानपणी त्याने केलेल्या त्या बैलाच्या वर्णनापायी मी माझ्या वाटणीचा गूळ किती वेळा त्याला दिला असेल. राग यायला हवा होता, पण आली माया. मी एक गारगोटी उचलली आणि बैल कोरला. वशिंड, शेपूट, सगळं काढलं.

"दिसला," मी वरून ओरडले.

आबांचं त्रिशूळ मात्र पावसापाण्याने झिजलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आबा खोटं बोलत नसत.

गाडी निघाली. आमचं शिवार लागलं. भाऊ मागे न बघता म्हणाला, "शिंगं काढलीस का?"

"काढली. तुझ्या जोडीसारखीच."

तो इतका हसला की बैल बावरून उभे राहिले.

दारात आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. शेजारपाजारचे गोळा झाले होते. आबांचं लक्ष गुडघ्यावर फाटलेल्या माझ्या लुगड्याकडे गेलं.

"हे काय?"

"दगडावर गेल्ती ती," भाऊ म्हणाला. "माथ्यापर्यंत."

"आन् तू?"

दारात त्याचे पारावरचे सगळे सोबती उभे होते. काहीही सांगून वेळ मारून नेता आली असती. "मी खाली बैलं धरून व्हतो. आधीबी कधी गेल्तो न्हाई," तो म्हणाला. मी दगडावर चढले त्यापेक्षा हे अवघड होतं. मला माझ्या भावाचा त्या दिवशी जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नाही. त्याचे सोबती मात्र एकेक करून कामं आठवून घरी गेले.

आता आबा कडाडणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. ते मात्र बैल घेऊन गोठ्यात गेले. आईने देव्हाऱ्यापुढे गाठ सोडली. तांदळाचा एक दाणाही सांडला नव्हता.

थोड्या वेळाने मी आबांना पाणी द्यायला गोठ्यात गेले. माझ्याकडे पाठ करून ते नव्या बैलाचं अंग चोळत होते. हळूच म्हणाले, "वर तिरसूळ हाय का गं अजून?"

"हाय, आबा."

त्यांचा हात थांबला. वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिशी हलायला लागली होती.

"मंग आपण दोघंबी खोटं बोलून राह्यलो, बाई," ते म्हणाले, आणि बैलाच्या पाठीवर डोकं टेकून हसत सुटले.