आखाजीचा हापूस

आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात, आमरसाचा नैवेद्य दाखवतात आणि तोवर घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. सिल्वासात येऊन मला चौदा वर्षं झाली, पण हा नियम मी मोडलेला नाही. त्यामुळे यंदा बाजारात फळवाल्याने हापूसची फोड पुढे केली, "चाखी जुओ ने, साहेब," तरी मी हात मागे घेतला. रंगावर भरवसा ठेवला. मसाटच्या कारखान्यात मालच तपासतो, मला कोण फसवणार, अशी घमेंडही होती.

यंदाची घागर आईच्या नावाची होती. तिला जाऊन सव्वा वर्ष झालेलं. गावी आमचा रस गावठी आंब्यांचा, पातळ, दातांत दोरे अडकवणारा. हापूस तिने कधी खाल्लाच नव्हता. फोनवर म्हणायची, "तठे हापूस भेटस म्हने, येक डाव लई ये ना भाऊ." मी दरवर्षी हो म्हणायचो. मग मनात यायचं, दोन एसट्या बदलायच्या, उन्हात सडून जाईल. पुढच्या वर्षी नीट अर्धकच्चा बघून नेऊ. असं करत किती उन्हाळे गेले, आता आठवायलाही नको वाटतं.

यंदा आणला. रस पुरावा म्हणून सोबत थोडा केसर आंबाही घेतला. हापूस दोन दिवसांत एकसारखा पिवळा झाला, खोलीभर घमघमाट सुटला. केसर मात्र हिरवटच राहिला. आमचा गावठी आंबा पिकला की पिवळा होतो, एवढंच मला ठाऊक. केसर कच्चा म्हणून मी कोपऱ्यात सारला.

सणाच्या सकाळी हापूस कापला तर आत साका. कोयीभोवतीचा गर पांढरट, चामट, आंबट वास मारणारा. दुसरा कापला, तिसरा कापला, तीच गत. मी तिथेच फतकल मारून बसलो आणि मला रडू आलं. बायकोने कोपऱ्यातला एक केसर उचलला, देठाशी हुंगला आणि चिरला.

"दखा, वरतून हिरवा से, पन मझार पिकेल से."

गर गर्द केशरी होता. त्याचाच रस केला, घागर भरली, नैवेद्य दाखवला.

मग साका कोरून टाकलेल्या हापूसच्या कडा मी ओट्याशी उभ्या उभ्याच खाल्ल्या. गोड होत्या, फार गोड. आईनेही हेच केलं असतं. खराब भाग सुरीने काढला असता, उरलेला चाटूनपुसून खाल्ला असता आणि गल्लीभर सांगत सुटली असती की पोराने हापूस आणला. सडका नेला असता तरी तिला चाललं असतं. मी नेला नाही.