वैशालीच्या नावाची पाटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

माझी नोकरी गेली तेव्हा आम्ही कोपरला नुकतेच राहायला आलेलो. मी ठाण्यात एका कंपनीत सुपरवायझर होतो. कंपनी हलली, आम्ही घरी बसलो. वैशाली, माझी बायको, तोवर हौसेनं ब्लाउज शिवायची. मग दिवसभर शिवायला लागली. मुलीची फी, लाइटबिल, माझा रिचार्जसुद्धा — सगळं तिच्या मशीनवर. बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं की मी सांगायचो, कन्सल्टिंग करतो. आणि वैशाली? "तिचं काय, टाइमपास." ती आत असायची. ऐकायची.

घरी बसलेल्याला 'कसा आहेस' असं कोण विचारतं हो? 'सध्या काय करतोस' विचारतात. उत्तर नसलं की आपण त्यांना दिसतच नाही.

अशात स्टेशनजवळ म्हात्रेकाकांचा गाळा रिकामा झाला. वैशालीनं स्वतः जाऊन विचारलं. डिपॉझिटचं तिनंच जमवलेलं. "अहो, पाटीवर काय लिहायचं? वैशाली टेलर्स, की नुसतं वैशाली?" तिचा तसा चेहरा मी लग्नातही पाहिला नव्हता. मी म्हटलं, "बघू."

दोन दिवसांनी म्हात्रेकाका मला मार्केटात भेटले. "वहिनींना सांगा, गाळा त्यांचाच. हात चांगलाय त्यांचा."

आणि मी — मी म्हटलं, "नाही काका, तिचा विचार बदलला. तिला झेपायचं नाही. दुसऱ्याला द्या तुम्ही."

का म्हटलं? पाटी लागली असती तर घर कोण चालवतं ते सगळ्या कोपरला कळलं असतं. खरं म्हणजे — येता-जाता मलाच ते वाचावं लागलं असतं.

घरी येऊन सांगितलं, "त्यांनी दुसऱ्याला दिला गं. मी खूप सांगून पाहिलं." तिनं हातातलं कापड घडी घालून मशीनवर ठेवलं. मग म्हणाली, "जाऊ दे. तुम्ही बोललात ना माझ्यासाठी, बास." भिडस्त स्वभाव, परत विचारायला ती गेली नाही.

पुढे मला कल्याणला नोकरी लागली. पगार कमी, पण गळ्यात कार्ड. लोक पुन्हा हाक मारू लागले. वैशाली अजून हॉलच्या खिडकीशी बसून शिवते. आता तिला सुई ओवायला चष्मा लागतो.

गेल्या महिन्यात तिची मैत्रीण आलेली. म्हणाली, "एवढं सुरेख शिवतेस, दुकान का नाही टाकलंस गं कधी?"

"एकदा जमत आलेलं. ह्यांनी काय कमी खटपट केली माझ्यासाठी! पण नाही मिळालं."

हे म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं — कौतुकानं. मैत्रीण म्हणाली, "नशीबवान आहेस हं."

मी हसलो. वैशालीनं लाडवांची बशी पुढे केली. मी एक उचलला, आणि खाल्ला.