गाडीसकट काका

दुबईच्या करामा भागात वाढलेला हा पोरगा बँडमध्ये गातो आणि मी त्यांची व्हॅन चालवतो. ओमानच्या सरहद्दीपाशी वाळूत थांबलो, की तो एसीसकट इंजिन बंद करायला लावून गाण्यासाठी वारा रेकॉर्ड करतो. मी घामाघूम होऊन सुस्कारा टाकला, की म्हणतो, “काका, चिल! तुम्हीपण गाण्यात येताय.”

वाळवंटाची गाणी कुणी ऐकेना. दमून बाकीचे तिघे नोकरीला लागले, व्हॅन विकायला निघाली. माझ्या नोकरीबरोबर व्हिसाही जाणार, आणि आठवीत शाळा सोडलेल्याला दुसरीकडे कोण घेणार?

प्रत्येक गिऱ्हाइकाला तो सांगतो, “हबीबी, गाडी घेणार तर ड्रायव्हर काकांनाही ठेवायचं. नाहीतर खलास.”

आज तिसरं गिऱ्हाईक परत गेलं. मी म्हटलं, “अरे, माझ्यापायी कशाला अडतोस?”

तो बॉनेटला टेकून डोळे चोळत म्हणाला, “गाडी गेली की माझाही बँड संपला. मला तरी कुठे नोकरी लागलीय, काका?”