पुढचं पडद्यावर बघा

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर सीटी स्कॅन उघडला, मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका काळपट डागावर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "काकू, हा स्ट्रोक आहे. रक्ताची गुठळी अडकली. बोलण्याचं केंद्र नेमकं इथं असतं. याला ब्रोकाज अफेजिया म्हणतात."

अफेजिया म्हणजे शब्द हरवणं. समोरच्याचं बोलणं कळतं, आपल्याला काय सांगायचंय तेही डोक्यात असतं, पण ते शब्द होऊन तोंडात येत नाही. माणूस वेडा झालेला नसतो आणि बहिराही झालेला नसतो. हे आधीच सांगून टाकते, कारण भेटायला येणारे निम्मे लोक आमच्या यांच्या कानाशी जाऊन ओरडायचे, आणि उरलेले यांच्या देखत मला विचारायचे, "वळखतेत का आता?" यांना सगळं कळत होतं. रागही येत होता, फक्त तो बोलून काढता येत नव्हता.

आमचे हे म्हणजे माणिकराव. अंबडला आमचं मांडव आणि लाऊडस्पीकरचं दुकान आहे. आता ते पुतण्या बाळू बघतो, पण हे ऐंशीकडे झुकले तरी लग्न म्हटलं की माईक तपासायला स्वतः हजर. उभा जन्म माईकवर बोलण्यात गेलेला माणूस. घरात मात्र मी बोलायची आणि यांनी ऐकायचं, अशी आमची वाटणी होती. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण, त्यामुळे ती वाटणी मला सोयीची होती.

ते झालंही एका लग्नातच. यांनी माईक हातात घेतला, तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. बाळूनं माईक बदलला. मग वायर बदलली. मग ॲम्प्लिफायर उघडून बसला. वऱ्हाड ओरडायला लागलं, दोन-चार जाणकार पुढे सरसावले, जो तो मशीन तपासतोय. माईक धरलेल्या माणसाकडे कोणी बघितलं नाही. शेवटी कोणीतरी म्हणालं, ऊन लागलं असेल. लिंबू सरबत पाजून यांना नवरदेवाच्या खोलीत पंख्याखाली झोपवलं. मलाही वाटलं, ॲम्प्लिफायरला हात लावला म्हणून रुसलेत, कारण ती यांची जुनी खोड. संध्याकाळी चहाचा कप उजव्या हातात धरता येईना, तेव्हा गाडी काढली आणि जालना गाठलं.

गुठळी विरघळवण्याचं एक इंजेक्शन असतं. ते ठरावीक वेळेच्या आत द्यावं लागतं आणि आमची वेळ टळून गेली होती. म्हणून वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. तोंड वाकडं झालं, हात गळला, बोलणं अडखळलं, यातलं एक जरी दिसलं तरी सरबत नको आणि विश्रांतीही नको. जिथं सीटी स्कॅन आहे तिथं तडक जा.

मग आयसीयू. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर. एमआरआय झाला, हृदयाची इको झाली, मानेतल्या शिरांची डॉपलर झाली, म्हणजे मेंदूकडे जाणारं रक्त कुठं अडतंय का ते सोनोग्राफीसारखं बघतात. गिळता येत नाही म्हणून रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटापर्यंत नळी. तिच्यातून मी वरणाचं पाणी द्यायची आणि हे डोळे मिटून घ्यायचे. माझा मुलगा विलास औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन जिने चढत-उतरत होता.

नळी निघाली त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काका, नाव काय तुमचं?"

हे म्हणाले, "बराबर."

"गाव कोणतं?"

"बराबर."

स्पीकर लावताना हे साऱ्या मांडवाला विचारायचे, आवाज बराबर हाय का. सगळ्या शब्दांमधून तो एकटा उरला होता. पाणी हवं तरी बराबर, दुखतंय तरी बराबर. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एखादा शब्द अडकून बसतो. मी बाहेर येऊन भिंतीकडे तोंड करून रडले. यांचं बोलणं परत येईल का, एवढाच प्रश्न होता. डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं, "काही परत येईल, किती ते आज सांगता येत नाही."

घरी आल्यावर माझ्यातली मास्तरीण जागी झाली. पाटी आणली, चित्रांचा तक्ता भिंतीला लावला आणि 'अ'पासून सुरुवात केली. अननसाचं चित्र दाखवलं की हे तोंड फिरवून घ्यायचे. एक दिवस डाव्या हातानं पाटीच ढकलून दिली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी तक्ता काढून कपाटावर टाकला. खरं तर यांना अननस चांगला माहीत होता. पहिलीत बसवलेलं कोणाला आवडेल?

मग जालन्याला स्पीच थेरपिस्टकडे जाणं सुरू झालं. स्पीच थेरपी म्हणजे बोलण्याचा व्यायाम. तिथल्या मॅडमनी विचारलं, "काकांना काय तोंडपाठ आहे? आरती, पाढे, काहीही." आरती लावली तर काय, चाल धरून हे सगळी आरती म्हणाले. विलासच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण चाल थांबली की शब्दही थांबायचे. मॅडम म्हणाल्या, "गाणं आणि पाठांतर मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं. ती वाट उघडी आहे. आता त्या वाटेनं बोलणं आणायचं." पण आमचे हे मुळात देवभोळे नाहीत. चार दिवसांत आरतीला कंटाळले.

खरी गंमत झाली ती मॅडमच्या दाराबाहेर. तिथल्या हॉलमध्ये भिंतीवर टीव्ही आहे आणि त्याच्यावर कायम कुठला तरी सिनेमा चालू असतो. पेशंट आणि नातेवाईक मान वर करून बसलेले. त्या दिवशी ऐन मारामारीत लाईट गेली. टीव्ही काळा झाला आणि सगळा हॉल एका सुरात "ओऽऽ" म्हणून ओरडला.

माझ्या शेजारी हे ताठ बसले. डावा हात तोंडापाशी गेला, जसा माईक धरतात तसा. आणि म्हणाले, "लोराबाई कापसाच्या रानातली पोर."

पलीकडे बदनापूरची एक म्हातारी सुनेला घेऊन आली होती. ती पुढे सरकून म्हणाली, "मंग?"

"बाप सालगडी. माय..." हे म्हणाले. तेवढ्यात जनरेटर सुरू झाला, टीव्ही लागला आणि हे गप्प झाले.

आता लोराबाई कोण ते सांगते. ही माझी सवत. आमच्या लग्नाच्या आधीपासूनची, आणि हॉलिवूडची. लोरा डेनिंग तिचं नाव. शहागडला गोदावरीच्या काठी सिनेमाचा तंबू लागायचा, त्यात हे पोरसवदा असताना कामाला होते. तिचे इंग्रजी सिनेमे तिकडे जुने होऊन, झिजून मग आमच्याकडे यायचे. लोकांना भाषेचा एक शब्द कळायचा नाही, म्हणून पडद्याच्या बाजूला माईक घेऊन हे गोष्ट सांगायचे. प्रोजेक्टर एकच. एक रीळ संपलं की दुसरं लावीपर्यंत अंधार, आणि अंधार झाला की लोकांचा आरडाओरडा. तेवढा वेळ भरून काढायला हे लोराबाईचं चरित्र सांगायचे, दर रिळाला एक तुकडा. दुसरं रीळ लागलं की म्हणायचे, "पुढचं पडद्यावर बघा."

कंपनीच्या जाहिरातीच्या पुस्तिका यायच्या, त्या गावातल्या हेडमास्तरांकडून समजून घेऊन यांनी ते चरित्र रचलं होतं. त्यात खरं किती आणि यांचं किती, ते मला ठाऊक नाही. पण तिचा फोटो दुकानात ॲम्प्लिफायरच्या वर आजही आहे. शेजारणी मला चिडवायच्या आणि मी जन्मभर त्या गोष्टीला नाक मुरडलं. लग्नकार्यात हे कोणाला सांगायला बसले की मी मुद्दाम उठून जायची. तरीही सगळं कानावर पडलेलं होतं.

मॅडमना सांगितलं तर त्या एकदम खूश. म्हणाल्या, "याला स्क्रिप्ट ट्रेनिंग म्हणतात. माणसाच्या आवडीचं बोलणं घ्यायचं, आधी बरोबरीनं म्हणायचं, मग आपण हळूहळू मागे सरकायचं. काकू, गोष्ट तुम्हाला येते ना?"

आता आली का पंचाईत. म्हणजे सवतीचं गुणगान मीच गायचं, तेही रोज, सकाळ-संध्याकाळ.

पण गायला लागले. टीव्ही लावायचा, थोडा चालू द्यायचा आणि रिमोटनं बंद करायचा. पडदा काळा झाला की आम्ही दोघं सुरू. सुरुवातीला सगळं मीच म्हणायची आणि यांचे नुसते ओठ हलायचे. मग मी शेवटचा शब्द गाळायला लागले, मग अर्धं वाक्य.

आणि म्हणता म्हणता ती बाई मला आवडायला लागली. शिवणकामाला म्हणून स्टुडिओत शिरली. हिरॉईनच्या उंचीची, म्हणून दिवे लावताना तिला हिरॉईनच्या जागी उभी करायचे. कॅमेरा सुरू झाला की तिनं बाजूला व्हायचं. हे तंबूत म्हणायचे, "उजेड हिच्यावर, फोटू दुसरीचा." एकदा हिरॉईन घोड्याला भ्याली आणि ही चढली, तिथून तिचं नशीब फिरलं. बोली गावठी म्हणून साहेब लोक हसायचे, तर दातांत बूच धरून ती तासन् तास वाचायची. मोठी झाल्यावर कंपनीनं सांगितलं, नाक कापून नीट कर. तिचं उत्तर हे शहागडच्या भाषेत द्यायचे, "नाक माझ्या मायनं देल्लं हाय, राहू द्या." कंपनीनं काम बंद केलं तर घरी जाऊन मायबरोबर शिवत बसली, पण नाक नाही बदललं. शेवटी कंपनीच दारात आली. बाई होती खरी. उगीच इतकी वर्षं मी तिच्यावर फणकारले.

तोंडाचे स्नायूही ढिले झाले होते. गाल फुगवा, फुंकर मारा, असले व्यायाम मॅडम द्यायच्या, आणि हे टाळायचे. मी म्हणायची, "लोराबाईनं दातांत बूच धरलं, तुम्हाला साधी फुंकर जमंना?" मग चिडून मारायचे.

एक दिवस मी गोष्ट जरा शुद्ध करायला गेले. म्हणाले, "लोरा एका शेतमजुराची कन्या होती." हे थांबले आणि म्हणाले, "न्हाई. सालगडी." माझी चूक काढायला का होईना, तो 'न्हाई' गोष्टीतला नव्हता, यांचा स्वतःचा होता. मॅडम म्हणाल्या, "काकू, आता रोज थोडं चुकत जा." मी मनापासून चुकले. मास्तरकीत कधी मिळाला नाही एवढा आनंद त्या चुकांनी दिला.

पाऊसकाळ सरला. हात काठी धरण्याइतका सुधारला. 'बराबर'चा सोबती म्हणून 'च्या', 'बस', 'विलास' असे शब्द आले. गोष्ट तर हे एकटे म्हणायला लागले, अडखळत, पण शेवटपर्यंत. विलास ऐकायला बसला की म्हणायचा, "अण्णा, जल्दी करू नका, आम्ही हितंच हाव." पण गोष्टीच्या बाहेर पाऊल पडेना. गोष्ट संपली की "पुढचं पडद्यावर बघा" म्हणायचे आणि पुन्हा मुके. मॅडम म्हणाल्या, इथं पुष्कळ जण थांबतात. मला ते मंजूर नव्हतं.

एका सकाळी ओसरीवर चहा घेत होतो. यांनी गोष्ट म्हटली, नेहमीच्या जागी आले आणि म्हणाले, "पुढचं पडद्यावर बघा."

मी म्हणाले, "अहो, पडदा कुठंय आता? तंबू कधीच मोडला. त्या बाईचं पुढं काय झालं ते मला अजून कळलं नाही. मंग पुढं?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. यांनी कधी सांगितलंच नव्हतं. यांच्या कपाळाला आठी पडली. मॅडमनी शिकवलं होतं की घाई करायची नाही आणि शब्द पुरवायचा नाही. मी हातातला कप घट्ट धरला आणि तोंड मिटून घेतलं. मला ते किती जड जातं, हे मला ओळखणाऱ्यांना विचारा.

"म्हातारी," हे म्हणाले. "काम... न्हाई. कुणी... देईना."

मी थांबले.

"एक पिक्चर. शेवटचं." डाव्या हातानं दार उघडल्यासारखं केलं. "दार उघडती. म्हनती, या, जेवून घ्या. बस. एकच... वाक्य."

"एकच?"

"एकच." यांचा श्वास लागला होता. डोळे भरले होते. "तंबू... उठून उभा राह्यला. सगळा."

ज्यांच्या घरी असा आजार आला आहे, त्यांना माझ्याकडे सांगण्यासारखं फार नाही. थेरपी मधे सोडू नका, आणि त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. डॉक्टरांचे, मॅडमचे, "मंग?" विचारणाऱ्या त्या बदनापूरच्या म्हातारीचे उपकार मी विसरणार नाही. लोराबाईचेही नाही. तिच्या फोटोला मी आता स्वतः हार घालते, शेजारणी काय म्हणायचं ते म्हणोत.

त्या सकाळी ते ऐकून मी कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि यांच्यासमोर उठून उभी राहिले.

हे मग लाजल्यासारखे हसले आणि हातानं मला खाली बसायची खूण केली.

"बस की," हे म्हणाले. "तुझा च्या गार होऊन राह्यला."